जिन्याखालची पस्तीस पानं

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून चार दिवस रजा टाकली. घरी नेट धड चालत नाही, त्यामुळे 'तिथूनच लॉगिन करतो' वगैरे मॅनेजरला दिलेलं आश्वासन पहिल्याच दिवशी निकालात निघालं. मी रिकामा बसलोय हे बघून आईने लगेच काम लावलं, माळा आवरायचं.

माळ्यावर जे असतं ते सगळं होतं. जुने आकाशकंदील, कान तुटलेली कढई, माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं (कुणी उघडल्याची खूण नसलेली) आणि दोन पत्र्याच्या ट्रंका. दोन्हींवर बाबांच्या अक्षरात एकच शब्द: 'बाजार'.

बाबा हायस्कुलात इतिहास शिकवायचे. आमच्या गावच्या आठवडी बाजाराचा इतिहास लिहायचा, असं त्यांनी कधीतरी ठरवलं. पुस्तक नाही, एक निबंध. वीस-पंचवीस पानांचा, संशोधनाच्या नियतकालिकात शोभेल असा. त्यासाठी तीस वर्षं ते साधनं गोळा करतायत. ग्रामपंचायतीतल्या नोंदींच्या नकला, व्यापाऱ्यांच्या घरातल्या पावत्या, म्हाताऱ्या माणसांशी बोलून केलेली टिपणं. जुन्या दप्तरखान्यात असतात तसे कापडी रुमालात बांधलेले गठ्ठे. निबंधाचं एकही पान नाही.

मी आठवीत होतो तेव्हापासून विचारतोय, "बाबा, लिहायला कधी बसणार?" आणि तेव्हापासून एकच उत्तर, "अरे, साधनं अजून पुरी झाली नाहीत."

या वेळी विचारलं तर उत्तर बदललं होतं. डोळ्यांवर तो काळा चष्मा, खुर्चीत टेकून बसलेले. म्हणाले, "आता राहू दे. माझ्या माघारी रद्दीत घाला."

ते सहज म्हणाले. पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना.

पुण्याला परत येताना बसमध्ये चार्ल्स डार्विनचं आत्मचरित्र वाचत होतो. बाबांशी त्याचा काही संबंध नव्हता, खूप दिवस अर्धवट पडलं होतं इतकंच. डार्विनने हे १८७६ साली, मुख्यतः घरच्यांसाठी लिहिलं. त्याच्या मृत्यूनंतर १८८७ मध्ये ते छापलं गेलं. त्यात शेवटाकडे तो आपण काम कसं करतो ते सांगतो आणि तिथे मी बसमध्ये अक्षरशः सरळ होऊन बसलो.

तो सांगतो ते साधारण असं. मोठं काही लिहायचं असेल तर मजकुराची मांडणी ठरवण्यात तो बराच वेळ घालवतो. आधी दोन-तीन पानांचा अगदी ओबडधोबड आराखडा. मग त्यावरून जरा मोठा, बऱ्याच पानांचा. त्यात एका अख्ख्या चर्चेच्या जागी, किंवा पुराव्यांच्या अख्ख्या मालिकेच्या जागी, नुसते चार शब्द, कधी एकच शब्द. मग एकेक मथळा पुन्हा फुगवायचा, इकडचा उचलून तिकडे टाकायचा. हे सगळं झाल्यावर सविस्तर लिहायला बसायचं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिझाइन डॉक्युमेंट म्हणतो, आणि ते करायचं सोडून थेट कोड लिहायला बसतो :-) 

पण डार्विनच्या बाबतीत हे नुसतं म्हणणं नाही. त्याचे आराखडे आज आपल्याला वाचता येतात, कारण ते कागद टिकले. त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

बीगल जहाजावरून तो १८३६ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडला परत आला. १८३७ च्या जुलैत त्याने 'जाती बदलतात का?' या एकाच प्रश्नासाठी वेगळी वही सुरू केली. अशा वह्या भरत गेल्या. १८३८ मध्ये माल्थसचं लोकसंख्येवरचं पुस्तक वाचलं आणि नैसर्गिक निवडीची कल्पना हाताला लागली. (याच वर्षी लग्न करावं की नाही यावरही त्याने कागदावर दोन रकाने आखून फायदे-तोटे लिहिले होते. एका बाजूला मुलंबाळं आणि म्हातारपणची सोबत, दुसऱ्या बाजूला वेळेचा अपव्यय. लग्नाच्या बाजूने निकाल लागला आणि पुढच्या जानेवारीत त्याने एमाशी लग्न केलं. प्रत्येक गोष्टीचा आराखडा करायची सवय ही अशी.)

म्हणजे कल्पना १८३८ मध्ये. लिहायला मात्र त्याने तीन-साडेतीन वर्षं घेतली. १८४२ च्या उन्हाळ्यात त्याने शिसपेन्सिलने ३५ पानं खरडली. वाक्यं अर्धवट, शब्द गाळलेले, मध्येच स्वतःलाच विचारलेले प्रश्न. दुसऱ्या कुणाला वाचून नीट कळणार नाही असं ते प्रकरण. दोन वर्षांनी, १८४४ मध्ये, त्याची २३० पानं झाली. ती मात्र व्यवस्थित, गावातल्या शाळामास्तरांकडून स्वच्छ अक्षरात उतरवून घेतलेली.

आणि १८५९ मध्ये जे सुमारे ५०० पानी पुस्तक छापलं गेलं, ते 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'.

आता गंमत बघा. ३५ पानं, २३० पानं, ५०० पानं. तिन्ही ठिकाणी वाट साधारण एकच आहे. सुरुवात पाळीव प्राणी आणि लागवडीतल्या वनस्पतींपासून, म्हणजे माणूस हवे ते गुण निवडून जाती कशा बदलवतो तिथून. मग निसर्गात तसंच काही होतं का, ते. मग पुरावे: खडकांतले अवशेष, पृथ्वीवर कुठे कोणते जीव आढळतात, वर्गीकरण, शरीररचना. शेवटी सगळ्याचा गोषवारा. पुरावे वाढले, प्रकरणं फुटली, जागा इकडेतिकडे झाल्या, पण सांगाडा १८४२ मध्ये पेन्सिलने आखलेलाच राहिला.

हा क्रम त्याला जसा सुचलं त्याचा नाही, हे महत्त्वाचं. त्याला सुचलं ते दक्षिण अमेरिकेतले जीवाश्म आणि गॅलापागोस बेटांवरचे जीव यांच्यावरून. आपण असतो तर तिथूनच सुरू केलं असतं, 'मी जहाजावर होतो तेव्हा...' असं. पण वाचणाऱ्या इंग्रज माणसाला गॅलापागोस माहीत नाही, कबुतरं आणि गाईगुरं माहीत आहेत. त्याला त्याच्या अंगणातून हळूहळू लांब न्यायचं. साधनं ज्या क्रमाने मिळाली तो क्रम वेगळा आणि वाचकाला पटवायचा क्रम वेगळा. ही अदलाबदल आराखड्यात करायला एक संध्याकाळ लागते. दोनशे पानं लिहून झाल्यावर करायची म्हटली तर सहा महिने लागतात, आणि बहुधा आपण ती करतच नाही.

आराखड्याचा दुसरा उपयोग म्हणजे काय गोळा करायचं ते कळतं. १८५५ मध्ये डार्विन घरी कबुतरं पाळायला लागला. हौस म्हणून नव्हे. पाळीव जातींच्या प्रकरणाला भक्कम उदाहरण हवं होतं. त्याच सुमारास तो बिया खाऱ्या पाण्यात भिजत ठेवायला लागला. लांबच्या बेटावर झाडं पोचतात कशी, याचं उत्तर पुराव्यांच्या भागात द्यायचं होतं. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजल्या. जागा आधी ठरली होती, म्हणून ती भरायला काय लागेल ते त्याला नेमकं माहीत होतं. बाबांच्या ट्रंकांचं नेमकं उलटं झालंय. माल भरपूर, मांडायला फडताळच नाही.

माल ठेवायची डार्विनची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. त्याच्याकडे तीस-चाळीस मोठे पुठ्ठ्याचे फोल्डर होते, चिठ्ठ्या लावलेल्या फळ्यांवर मांडलेले. एका फोल्डरात एक विषय. पुस्तक स्वतःचं असेल तर त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तो आपल्या कामाच्या गोष्टींची छोटी सूची करायचा. दुसऱ्याचं असेल तर वेगळा गोषवारा लिहून खणात टाकायचा. नवा विषय हातात घेतला की या सगळ्या छोट्या सूच्या चाळून एक मोठी वर्गवार सूची करायची, मग हवा तो फोल्डर काढायचा. पुस्तकांबद्दल त्याला हळवेपणा नव्हता. जड पुस्तक हातात धरवत नाही म्हणून तो चक्क मधोमध फाडून दोन करायचा, असं त्याचा मुलगा फ्रान्सिस सांगतो. (पुस्तकप्रेमींनी हे वाक्य विसरून जावं.)

आणि एक नियम त्याने वर्षानुवर्षं पाळला. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी काही गोष्ट दिसली, नवा पुरावा असो की नुसता विचार, की ती ताबडतोब टिपून ठेवायची. कारण अनुभव असा की सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात, गैरसोयीच्या विसरल्या जातात. मला वाटतं, अख्ख्या आत्मचरित्रातलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच असावं. निबंध लिहिणाऱ्यासाठी तर नक्कीच. 'ओरिजिन'मध्ये सिद्धांतावरच्या अडचणींचं एक अख्खं प्रकरण आहे, ते अशा चिठ्ठ्यांशिवाय उभंच राहिलं नसतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की आराखडा केला की झालं. तसं नाही. डार्विनचं घोडं पुढे अडलंच.

१८४४ ची २३० पानं तयार होती, पण त्याने ती छापली नाहीत. पुढची आठ वर्षं, १८४६ ते १८५४, त्याने बार्नॅकलवर घालवली. म्हणजे समुद्रातल्या खडकांना आणि जहाजांच्या तळाला चिकटून राहणारे ते कवचवाले जीव. तो घाबरला होता का, की आधी जीवशास्त्रातला अधिकार कमवायचा होता, की हातातलं काम लांबत गेलं, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. १८५६ मध्ये मित्र लायेलच्या आग्रहावरून तो शेवटी लिहायला बसला, पण आता त्याला सगळंच सांगायचं होतं. प्रत्येक विधानामागे पुराव्यांचा ढीग. दोन वर्षांत दहाएक प्रकरणं आणि सुमारे अडीच लाख शब्द झाले, तरी शेवट दिसत नव्हता.

साधनं अजून पुरी झाली नव्हती, दुसरं काय!

मग जून १८५८ मध्ये पत्र आलं. आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाचा निसर्ग-अभ्यासक आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवर नमुने गोळा करत फिरत होता. त्याने एक छोटा निबंध पाठवला होता. त्यात तीच कल्पना होती. मोजक्या पानांत, स्वच्छ मांडलेली.

डार्विनची अवस्था काय झाली असेल! त्यात घरात आजारपण. दीड वर्षाचा मुलगा २८ जूनला तापाने गेला. पुढचं सगळं लायेल आणि हूकर या मित्रांनी हातात घेतलं. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनिअन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. वॉलेसचा निबंध त्याला न विचारताच वाचला गेला, हेही सांगायला हवं. पुढे त्याने कधी तक्रार केली नाही, हा त्याचा मोठेपणा.

आणि डार्विनच्या बाजूने काय वाचलं? ते अडीच लाख शब्द नव्हे. १८४४ च्या निबंधातला एक उतारा, आणि आसा ग्रे या अमेरिकन मित्राला १८५७ मध्ये पत्रातून पाठवलेला सिद्धांताचा गोषवारा. म्हणजे एक जुना आराखडा आणि एक नवा आराखडा. मोठं पुस्तक त्या दिवशी काही कामाला आलं नाही.

त्यानंतर डार्विनने जे केलं ते बाबांना सांगायचं असं मी बसमध्येच ठरवलं. त्याने मोठं पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्याच महिन्यात त्याचा संक्षेप लिहायला घेतला. तेरा महिने आणि दहा दिवसांत तो पुरा केला. त्याला पुस्तकाच्या नावातच 'एका निबंधाचा संक्षेप' असं घालायचं होतं. प्रकाशक मरे याला 'संक्षेप' हा शब्द पसंत पडला नाही, म्हणून तो गेला. २४ नोव्हेंबर १८५९ ला १२५० प्रती निघाल्या. जगाने डोक्यावर घेतलेलं आणि पायाखालीही तुडवलेलं ते पुस्तक लेखकाच्या मते केवळ संक्षेप होता. मूळ मोठ्या पुस्तकाची उरलेली प्रकरणं १९७५ मध्ये छापली गेली, आणि ती आज मुख्यतः अभ्यासकच वाचतात.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे 'माझ्या माघारी रद्दीत घाला' या वाक्याकडे.

१८४४ ची २३० पानं झाल्यावर डार्विनने ५ जुलैला एमाच्या नावे एक पत्र लिहून ठेवलं. मी अचानक गेलो तर हा निबंध छापण्यासाठी ४०० पौंड बाजूला काढ, एखाद्या जाणत्या माणसाला संपादनाला लाव, माझी खुणा केलेली पुस्तकं आणि आठ-दहा तपकिरी फोल्डरांतली टिपणं त्याच्या हवाली कर. संपादक म्हणून कोण चालेल त्यांची नावंसुद्धा सुचवली. वय ३५! हे पत्र त्याला लिहिता आलं, कारण हवाली करण्यासारखं काही होतं. नुसत्या चिठ्ठ्या असत्या तर बिचारा संपादक काय करणार होता?

याचं मराठीतलं उदाहरण बाबांच्याच कपाटात आहे. इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकर १९६३ मध्ये गेले. पानिपतवर ग्रंथ लिहिणारे तेच. शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र लिहायचा त्यांचा संकल्प होता, तो अपुरा राहिला. पण १९६४ मध्ये 'श्रीशिवछत्रपती' हे पुस्तक निघालं. त्याचं उपशीर्षक वाचा: संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा व साधने. न लिहिलेल्या पुस्तकाचा आराखडा पुस्तक म्हणून छापला गेला, आणि १९६६ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेजवलकरांकडे साधनं तर होतीच. पण ती कोणत्या दिशेने आणि कोणत्या क्रमाने वापरायची हेही कागदावर होतं, म्हणून ते मागच्यांच्या हाती लागलं.

त्या रात्री घरी पोचल्यावर मी बाबांना फोन केला.

"बाबा, ट्रंका उघडायच्या नाहीत. लिहायचंही नाही. तुम्ही बोला, मी टाइप करतो. दोन पानांच्या वर जायचं नाही."

"दोन पानांत काय होतंय?"

"ते बघू. आधी सांगा, तुमचा प्रश्न काय आहे?"

"कसला प्रश्न? बाजाराचा इतिहास."

"तो विषय झाला. प्रश्न काय?"

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "आपला बाजार पूर्वी सोमवारी भरायचा. तो गुरुवारी का गेला?"

खरं सांगतो, तीस वर्षांत हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं बाबा 'बाजाराची माहिती' गोळा करतायत. त्यांच्या डोक्यात प्रश्न होता, तो कुणी विचारला नव्हता आणि त्यांनीही कधी कागदावर मांडला नव्हता. त्यानंतर ते वीस मिनिटं सलग बोलले. शेजारच्या गावच्या बाजाराशी स्पर्धा, नवा रस्ता, गुरांच्या व्यापाऱ्यांची फिरण्याची वाट, एक जुनं भांडण. मी फक्त मथळे टाइप करत होतो. सात झाले. पावणेदोन पानं.

शेवटी विचारलं, "यात न बसणारं काही आहे का?"

"आहे ना. एक पावती आहे. बाजार हलल्यानंतरच्या काळातली, पण वार सोमवारच." मग जरा थांबून, "ती मी कुठे ठेवलीय ते मात्र आठवत नाही."

बघा! डार्विन म्हणतो ते खोटं नाही. आठवा मथळा घातला: 'सोमवारची पावती'.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या प्रिंटरवर (क्षमस्व) ते मथळे भल्यामोठ्या अक्षरांत छापले आणि कुरिअर केले. डॉक्टरांनी बारीक अक्षर महिनाभर वर्ज्य सांगितलंय, मोठं चालतं.

तुमच्यापैकी कुणी नोकरी सांभाळून एमए करत असेल, कुणाचा पीएचडीचा प्रबंध दोन वर्षं 'चालू' असेल, कुणाला रजा टाकून सेमिनारचा पेपर लिहायचा असेल. मी काही तज्ज्ञ नाही. पण हे सगळं वाचून मी स्वतःपुरतं इतकं ठरवलंय: विषय नव्हे, प्रश्न लिहायचा. पहिला आराखडा दोन-तीन पानांच्या वर जाऊ द्यायचा नाही. क्रम वाचकाच्या सोयीने लावायचा, आपल्याला सापडला त्या क्रमाने नाही. विरोधी पुराव्याला सुरुवातीपासून स्वतंत्र जागा द्यायची. आणि साधनं पुरी व्हायची वाट बघायची नाही. ती पुरी होत नसतात.

१८४२ च्या त्या पेन्सिलच्या ३५ पानांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. १८९६ मध्ये एमा गेल्यावर डाउन गावातलं घर रिकामं केलं, तेव्हा ती जिन्याखालच्या कपाटात सापडली. महत्त्वाचे कागद तिथे ठेवत नसत, टाकून द्यायला जीव होत नाही अशा गोष्टी तिथे कोंबलेल्या असत. म्हणजे आपला माळाच की! फ्रान्सिसने ती पानं वाचून, लावून, १८४४ च्या निबंधाबरोबर १९०९ मध्ये छापली.

परवा बाबांचा फोन आला. कुरिअर मिळालं. आई म्हणत होती, सकाळपासून त्या कागदांवर काहीतरी बाण काढत बसलेत.

"अरे, तिसरा मथळा पाचव्याच्या नंतर घ्यायला हवा," बाबा म्हणाले. "रस्ता आधी झाला की भांडण आधी, ते बघायला पाहिजे. पुढच्या शनिवारी येतोयस का? ट्रंक खाली काढायचीय. एकच."